लाल पट्टीचे सहा कप्पे

भरल्या भांड्यापुढे उपाशी उभा राहिलेला जीव मावशीने शेडमधल्या एकोणीस वर्षांत पाहिला नव्हता. आजारी पिल्लू खात नाही, हे तिला ठाऊक होतं. ते कोपरा धरतं, पंख पाडतं, डोळे मिटून घेतं. पण ही पिल्लं आजारी नव्हती. दहा दिवसांची तीस पिल्लं, डोळे टवटवीत, पाय सरळ. आणि टांगलेलं खाद्याचं भांडं काल संध्याकाळी भरलं होतं तसंच जवळजवळ काठोकाठ. एखादं पिल्लू यायचं, दोन चोची मारायचं, मान वर करून थबकायचं. कुणीतरी मागून हाक मारल्यासारखं. मग मागे सरकायचं आणि खालच्या भुशात चोच घालून भुसाच टिपायला लागायचं.

"अगं बायांनो, पान वाढलंय आणि तुम्ही केर खाताय होय?" मावशी म्हणाली.

तिने भांड्यात हात घालून खाद्य खळबळवलं. या आवाजाला कोणतंही पिल्लू पळत येतं, झोपेतून उठून येतं. हीसुद्धा आली. भांड्याभोवती गोल करून उभी राहिली. दोन-चार चोची पडल्या आणि गोल पुन्हा सैल झाला. मावशीने एकाला उचललं, अंगठ्याने गळ्याखालची पिशवी चाचपली. खाल्लेलं आधी तिथे साठतं. भरली असली की ती मळलेल्या कणकेसारखी लागते. ही रिकाम्या मोज्यासारखी लागली.

शेडमध्ये अठरा कप्पे होते. सहांवर निळी पट्टी, सहांवर पिवळी, सहांवर लाल. प्रत्येक रंगाचं खाद्य वेगळं, आणि कुठल्यात काय आहे ते राबणाऱ्यांना सांगायचं नाही असा नियम. निळ्या पट्टीची पिल्लं चार पिल्लांसारखी खात होती. पिवळ्याची तऱ्हा उलटी. ती दिवसभर भांड्याला चिकटलेली, एकमेकांच्या पाठीवर चढून खाणारी, आणि खाऊनही समाधान नाही. काहीतरी हरवलंय आणि ते याच भांड्यात तळाशी असणार, असं शोधत असल्यासारखी. लाल पट्टीच्या सहाही कप्प्यांनी मात्र शोधणं सोडून दिलं होतं. आणि ते सहा कप्पे मावशीकडे होते.

एरवी पाळी असायची. दर आठवड्याला कप्पे बदलायचे, म्हणजे कुणाच्या हाताचा गुण किंवा दोष एकाच रंगाला लागू नये. या वेळी मात्र डॉक्टरबाईंनी पाळी काढून टाकली होती. "लाल कप्पे पहिल्यापासून शेवटपर्यंत मावशींकडेच राहतील," त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या. "खाद्याशिवाय काही घालायचं नाही. इकडचा दाणा तिकडे जाता कामा नये. समजलं ना?" दुसऱ्या कप्प्यांवरच्या बाईने कोपराने मावशीला ढोसलं. "भाची डॉक्टर झाली की मावशीला मान मिळतो, बघ." मावशी वरवर ओरडली, पण आतून फुलली होती.

कारण या डॉक्टरबाई म्हणजे तिची छोटी. बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हा पोर चार वर्षांची होती आणि आई गेल्यापासून तिने अन्न सोडलं होतं. मऊ भात केला, नको. दूध दिलं, थुंकून टाकलं. लोकांनी सांगितलं, भूक लागली की खाईल. मावशी तिला मांडीवर घेऊन बसली. चमचाभर साखर पाण्यात विरघळवायची आणि देवाचं नाव घेत घेत एकेक चमचा ओठांशी न्यायची. पाचव्या दिवशी पोरीने स्वतःहून तोंड उघडलं. मावशीचा त्या दिवसापासून एक विश्वास होता. देवाने प्रत्येक पोटात एक जाणता बसवून ठेवलाय. त्याला हवं ते मिळेपर्यंत तो बाकीचं आत येऊ देत नाही. त्याच्याशी भांडू नये, त्याला काय हवं ते शोधावं.

मावशीचा नवरा लवकर गेला, स्वतःचं मूल नव्हतं. शेडमधल्या कामावर छोटी शिकली, कोंबड्यांच्या खाद्याची डॉक्टर झाली, आणि गेल्या वर्षी याच कंपनीत आली. पण तात्पुरती.

"ही चाचणी चांगली गेली ना मावशी, तर मी कायम," तिने घरी सांगितलं होतं. "नाहीतर दुसरं गाव बघायचं. इतकं लांब, की वर्षातून एकदा येणं होईल."

"कशाला लांब? चांगलीच जाईल," मावशी म्हणाली होती, आणि त्या दिवसापासून देवापुढे तिचं मागणं एवढंच होतं.

उपासाच्या चौथ्या दिवशी लाल कप्प्यांतली पिल्लं एकमेकांची पिसं उपटायला लागली. दुपारी मावशी खाद्याच्या गिरणीत गेली.

गिरणीवर मिसळणीचं काम बघणारा माणूस मावशीच्याच वयाचा. बोलताना दर वाक्यात 'चिमूटभर' यायचं, म्हणून सगळे त्याला चिमूटभाऊ म्हणत. मिसळणीचं पिंप फिरत होतं, त्याच्या भुवया पिठाने पांढऱ्या झाल्या होत्या.

"चिमूटभाऊ, लाल पट्टीत काय घातलंय? विष घातलंय का?"

"मला नियम आहे मावशी, सांगायचं नाही."

"मग नका सांगू. घातलं नाही ते सांगा."

तो हसला. पिंप थांबवून त्याने एका पोत्यात हात घातला आणि तळहातावर फिक्या रंगाची बारीक कणी दाखवली. "सगळं आहे तुमच्या लालमध्ये. मका, पेंड, तेल, मीठ. पेंड स्वस्तातली आहे, पण पिशवीवर छापायची प्रथिनं निळ्याइतकीच भरतात. नाही ते एवढंच. लायसिन म्हणतात याला. अमिनो आम्ल. स्वस्त पेंडीत ते कमी असतं आणि वरून घालायचं ते या वेळी घालायचं नाही, असा हुकूम. पिवळ्यात अर्धं आहे."

"किती लागतं?"

"चिमूटभर. टनाला तीन किलो."

"आणि एवढ्याशाने माझी पिल्लं जेवायची थांबली?"

"मीठ नसलं की मीसुद्धा पानावरून उठतो."

"तुम्ही उठता ते बायकोला धाक दाखवायला. ती पिल्लं कुणाला धाक दाखवणार?"

चिमूटभाऊने तळहात पोत्यात झटकला. मग मावशी म्हणाली, की तिच्या परसात चार कोंबड्या आहेत, हल्ली नीट खात नाहीत, तर यातलं थोडं मिळेल का.

"परसातल्या कोंबड्यांना?"

"हो."

"चार?"

"चार."

त्याने खालच्या फळीवरची दोन किलोची बरणी उचलली, कणीने गळ्यापर्यंत भरली आणि झाकण लावलं. "चार कोंबड्या नातवंडांसकट जगतील यावर. आणि मी काही पाहिलं नाही. माझ्या डोळ्यांत पीठ गेलंय."

त्या संध्याकाळी मावशीने लाल कप्प्यांच्या सहा पाण्याच्या भांड्यांत एकेक चमचा टाकला आणि चमच्याच्याच दांड्याने ढवळला. अशक्त पिल्लांना पाण्यातून औषध देणं हे काही शेडमध्ये नवं नव्हतं. पण या वेळी ते मना होतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. कणी बघता बघता विरघळली. पाणी होतं तसंच दिसत होतं. "देवा, बघितलंस तर तूच बघ," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सहाही कप्प्यांतली भांडी हलायला लागली. तिसऱ्या दिवशी पिल्लं निळ्या पट्टीसारखी खाऊ लागली. तेच लाल खाद्य. त्यात एक दाणा इकडचा तिकडे झाला नव्हता. मावशीने अंगठ्याने पिशव्या चाचपल्या, कणकेचे गोळे. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. वही उघडून तिने रोजच्यासारखं लिहिलं: किती घातलं, किती उरलं. आकडे खरेच होते.

त्याच आठवड्यात डॉक्टरबाई पाहणीला आल्या. लाल कप्प्यातलं पाण्याचं भांडं उचलून त्यांनी उजेडात धरलं. बराच वेळ धरलं.

"भांडी रोज धुता ना, मावशी?" शेडमध्ये छोटी तिला अहो-जाहो करायची.

"धुते की."

"धुवत जा," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि भांडं जागेवर ठेवून पुढे गेल्या.

पस्तिसाव्या दिवशी वजनं झाली. लाल आणि निळ्यात अगदी किरकोळ फरक. साहेब स्वतः शेडमध्ये आले, वजनकाट्यापाशी उभे राहिले आणि म्हणाले, "म्हणजे ते महागडं लायसिन आपण उगाच ओतत होतो की!" डॉक्टरबाईंनी नम्रपणे मान हलवली. आधीचे सगळे शास्त्रज्ञ चुकले आणि ही आमची मुलगी बरोबर निघाली, असं साहेब येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटले. महिन्याभरात छोटी कायम झाली. घरी येऊन तिने मावशीला उचलून गरकन फिरवलं. आता इतक्या आनंदात सांगायचं कसं? मावशीने स्वतःची समजूत घातली: विकायच्या पिशवीत घालतीलच ना ते चिमूटभर. इतकी शिकलेली माणसं, त्याशिवाय कशी विकतील? हा प्रश्न तिने कुणाला विचारला मात्र नाही. उत्तराची भीती वाटली की माणूस प्रश्न पोटातच ठेवतो.

मावशीच्या नवऱ्याचा धाकटा भाऊ गावाबाहेर कोंबड्या पाळायचा. तीन हजार पक्षी, नवं-कोरं छप्पर, आणि माणूस हौशी. नवं खाद्य बाजारात आलं तेव्हा त्याने विचारलं, "वहिनी, कसं आहे हो?"

"आपल्या छोटीने तपासलंय, भाऊजी," मावशीने सांगितलं. सांगताना मान ताठ होती.

नवी पिल्लं शेडमध्ये आणून बारा दिवस झाले तेव्हा भाऊजी सायकल टाकून दारात आले. चहासुद्धा नको म्हणाले.

"वहिनी, तुम्ही जरा येऊन बघा. जनावरांचा डॉक्टर म्हणतो रोग नाही. पाणी पितात, फिरतात, पण खाद्याला तोंड लावत नाहीत. रुसल्यासारखी."

मावशी गेली. लांबलचक शेडमध्ये भांड्यांची रांग, सगळी भरलेली, आणि भांड्यांपासून हातभर दूर तीन हजार पिल्लं. अशी शांतता भरल्या शेडमध्ये कधी नसते. पिल्लं वयाच्या मानाने बोटभर लहान, पंखांची पिसं उपटलेली. भाऊजींनी भांड्यांवर भरडलेला मका पसरला होता.

"हे काय?"

"चव यावी म्हणून घातला. माझ्या बायकोची युक्ती. पहिल्या दिवशी टिपला थोडा, आता तर मूळचंही खात नाहीत. रोज वीस-पंचवीस मरतात, एकमेकांना टोचून."

मावशी खाली बसली. एक पिल्लू उचललं, अंगठा लावला. रिकामा मोजा.

"छोटीला विचारा ना," भाऊजी म्हणाले. "तिला कळेल."

"विचारते," मावशी म्हणाली. बरणीच्या तळाशी दोन मुठी उरल्या होत्या. तीन हजारांना काय पुरणार?

त्या दुपारी सुट्टी होती. छोटी स्वयंपाकघरात बसून धुतलेले कपडे दुमडत होती. मावशीने पाटावर बसून सगळं सांगितलं. चिमूटभाऊंचं नाव तेवढं वगळलं. बरणी, चमचा, आधी रोज एक आणि तिसऱ्या आठवड्यापासून दोन, एकही दिवस न चुकता. छोटीने हातातला टॉवेल चौपदरी केला आणि ढिगावर ठेवला.

"माहीत आहे मला," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"पाण्याचं. त्या दिवशी भांडं बघितलं तेव्हाच. पाण्यात नव्हतं काही दिसत. पण लाल कप्प्यांनी एका दिवसात खायला सुरुवात केली, मावशी. आपोआप असं होत नाही. थोडं कमी असलं की कोंबडी जास्त खाते, खाऊन खाऊन ते मिळवायला बघते. फारच कमी पडलं की खाणं सोडते. रक्तात बाकी सगळं वाढतं आणि एक नसतं, मग मेंदू म्हणतो, आता आणखी नको."

"वर मका घातला तर?"

"आणखी कमी खातात. बाकीचं जितकं वाढवशील तितकी त्या एकाची उणीव टोचते."

"हे तुला आधीपासून ठाऊक होतं?"

"हे पुस्तकात पहिल्या पन्नास पानांत असतं."

शेगडीवरचं पाणी उकळून उकळून आटत होतं, मावशी उठून गॅस बंद करायचंही विसरली. "मग तेव्हा बोलली का नाहीस? ओरडली असतीस मला. काढून टाकलं असतंस."

"चाचणी रद्द झाली असती. साहेबांना लाल खाद्य हवं होतं, मला कायमची जागा. साहेबांना नाही म्हणणाऱ्या दोघी माझ्याआधी येऊन गेल्या."

"म्हणजे माझ्या चुकीवर तू—"

"मावशी," छोटी म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिने मान वर केली. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "लाल कप्प्यांवर पाळी न लावता तुलाच का ठेवलं मी? तू उपाशी जीव बघू शकत नाहीस. हे माझ्याइतकं कुणाला माहीत आहे?"

मावशी तिच्याकडे बघत राहिली. चार वर्षांचं तोंड, वाळलेले ओठ, साखरेच्या पाण्याचा चमचा. तो चमचा या पोरीने जपून ठेवला होता, इतकी वर्षं. वापरायला.

"गॅस बंद कर," छोटी म्हणाली. "हल्ली विसरतेस तू."

सोमवारी सकाळी मावशी साहेबांच्या खोलीत गेली. एकोणीस वर्षांत ती त्या खोलीत फरशी पुसायलाच गेली होती. साहेबांनी खुर्ची दिली, ती टेकली नाही. उभ्यानेच तिने सांगितलं: लाल पट्टीची पिल्लं जगली ती खाद्याने जगली नाहीत. मी पाण्यात पावडर घातली. खाद्य परत घ्या, नाहीतर त्यात घालायचं ते घाला. मला काढायचं तर काढा. डॉक्टरबाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं.

शेवटचं वाक्य खोटं होतं. देवापुढे ते कसं मांडायचं ते ती रात्रभर ठरवू शकली नव्हती, पण साहेबांपुढे ते आपोआप तोंडातून निघालं.

साहेबांनी डॉक्टरबाईंना बोलावलं. त्या आल्या, सगळं ऐकून घेतलं आणि मावशीच्या खांद्यावर हात ठेवला. हात ऊबदार होता.

"मावशी, तुम्ही दमलाय," त्या म्हणाल्या. मग साहेबांकडे वळून, आवाज खाली आणून: "आमच्या घरातली गोष्ट आहे, सांगू नये. पण हल्ली यांना असं होतं. परवा गॅसवर पाणी ठेवून विसरल्या, भांडं जळलं. त्यांच्या दिरांकडची पिल्लं मेली, ते मनाला लागलंय. सगळं आपल्यामुळेच झालं असं वाटतं त्यांना."

"अरे अरे," साहेब म्हणाले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी पाणी मागवलं, पंखा वाढवला. "मावशी, इतकी वर्षं तुम्ही केलंत. आता आराम करा. कंपनी तुमची सोय बघेल."

"मी खरं सांगतेय, साहेब."

"हो, हो. तुम्हाला खरंच वाटतंय ते."

मावशी दारापर्यंत पोचली तेव्हा साहेबांनी मागून विचारलं, "मावशी, एक सांगा. समजा, समजा हं, पाण्यात ती पावडर घातली. तर किती दिवसांत खायला लागली म्हणता?"

"दुसऱ्या दिवशी दुपारी."

"अस्सं," साहेब म्हणाले, आणि टेबलावरची पेन्सिल उचलली. डॉक्टरबाई खिडकीतून बाहेर बघत होत्या.

घरी चालत येताना मावशीला एकच कोडं सुटत नव्हतं. माझं म्हणणं खोटं, म्हणून चाचणी खरी. मग दुसऱ्या दिवसाची दुपार साहेबांनी लिहून का घेतली?

ते तीन महिन्यांनी समजलं. छोटी आता कंपनीच्या मोठ्या घरात राहायची. मावशीलाही चल म्हणाली होती, पण मावशी जुन्या दोन खोल्यांत थांबली, परसातल्या चार कोंबड्यांचं निमित्त सांगून. नोकरी संपली होती; निरोपाला कंपनीने भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं, ते दहा मिनिटं पुढे जायचं. छोटी दर रविवारी जेवायला यायची. तेवढं मावशीने मोडलं नव्हतं, आणि छोटीनेही.

त्या रविवारी तिच्याआधी भाऊजी येऊन गेले. खुशीत होते. "वहिनी, कंपनीने नवी पावडर काढलीय, पाण्यात घालायची. काय जादू आहे! या खेपेची पिल्लं दुसऱ्या दिवसापासून तुटून पडली. आता खाद्य घेतो तिथेच पावडरही घेतो. पाकिटाच्या मागे छोटीचं नाव आहे, डॉक्टर म्हणून. तुमची पोरगी म्हणजे आमच्यासाठी देव आहे बघा."

मावशीने त्यांना चहा दिला. पहिल्या खेपेची किती मेली, हे तिने विचारलं नाही. ते त्यांनीही काढलं नाही. माणूस एवढा आनंदात होता.

छोटी आली ती तेच पाकीट घेऊन. पाकिटावर चोच वासलेल्या पिल्लाचं चित्र, वर मोठ्या अक्षरांत 'भूकवर्धक'. तिने ते मावशीसमोर ठेवलं आणि जरा वेळ तिच्या तोंडाकडे बघितलं, लहानपणी चांगले गुण मिळाल्यावर बघायची तशी.

"तुझाच चमचा आहे, मावशी," ती म्हणाली. "तुझ्या नावाने नाही काढता आलं, पण मला ठाऊक आहे ना."

मावशीने चष्मा लावला आणि मागचा मजकूर वाचला. एका भांड्याला एक चमचा, रोज. तिने कोपरा फाडून चार कण जिभेवर घेतले. तीच कणी. चिमूटभाऊंच्या पोत्यातली.

"तिसऱ्या आठवड्यापासून दोन लागतात," ती म्हणाली.

"काय?"

"एक पुरत नाही. पिल्लं मोठी होतात, खाणं वाढतं. तेव्हा दोन. ते लिहायचं राहिलंय."

छोटीने लगेच पर्समधून पेन काढलं आणि पाकिटावरच लिहून घेतलं. "बरं झालं सांगितलंस. आणखी काही?"

"सपाट चमचा. शिगोशीग नाही."

तेही तिने लिहिलं. मग दोघी जेवायला बसल्या. छोटी पहिल्यापासून मावशीच्या हातचं मन लावून जेवायची. आजही जेवली, दोनदा मागून घेतलं. कामाचं बोलली, साहेबांची नक्कल केली, हसली. मावशीने घास केला, तोंडापर्यंत नेला. पानात काही कमी नव्हतं. सगळं तिनेच रांधलेलं, मीठ-तिखट जिथल्या तिथे. पण आत जो जाणता बसला होता त्याने मान हलवली. तिने घास खाली ठेवला. थोड्या वेळाने पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला.

छोटीचं लक्ष गेलं. ती बोलायची थांबली. भरल्या पानाकडे आणि मग मावशीच्या तोंडाकडे तिने बघितलं. तिला या विषयातलं जगात कुणाहूनही जास्त कळत होतं.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "कधीपासून जेवत नाहीस?"

"जेवते की. तू जेव. गार होतंय."

"मी काय देऊ तुला? सांग ना. काय हवंय?"

मावशीने विचार केला. खरंच केला, कारण विचारणारी छोटी होती. मग ती उठली, पान उचललं, परसाचं दार उघडलं आणि सगळं अन्न पायरीपाशी रिकामं केलं. चारही कोंबड्या कुंपणापासून पंख पसरून धावत आल्या आणि त्यांनी शेवटच्या शितापर्यंत सगळं संपवलं.